विकायचंच नाही, मग किंमत कशाला?

आमच्या सहकारी बँकेची वार्षिक सभा एका मंगल कार्यालयात व्हायची. २०१८ च्या सप्टेंबरातली सभा मला अजून लख्ख आठवते. सभा संपत आली होती, विषयपत्रिकेवरचे सगळे ठराव "मंजूर, मंजूर" करत पुढं गेले होते आणि एक रिटायर्ड गुरुजी उठले. हातात अहवालाची पुस्तिका, ताळेबंदाचं पान दुमडलेलं, "गुंतवणूक" या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढलेली. त्यांनी विचारलं, "अध्यक्षसाहेब, ही गुंतवणूक लिहिलीय, हे रोखे आज विकायला काढले तर एवढेच पैसे येतील का?"

अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, ते विकायचेच नाहीत. सरकारी रोखे आहेत, मुदत संपली की पूर्ण पैसे मिळणार. सरकार काय बुडतं का?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, गुरुजी खाली बसले. मी दुसऱ्या रांगेत होते. गुंतवणुकीचा तक्ता माझ्याच हातचा होता आणि गुरुजींनी विचारलेला आकडा मला पाठ होता.

आता इथं एक गोष्ट आधीच सांगते, अध्यक्ष खोटं बोलले नव्हते. नियमाप्रमाणे त्यांचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं आणि माझं म्हणणं नेमकं त्या नियमाबद्दल आहे. बँका आपले रोखे वेगवेगळ्या खणांत ठेवतात. एक एचटीएम, म्हणजे मुदत संपेपर्यंत धरून ठेवायचे. दुसरा एएफएस, म्हणजे लागले तर विकायचे. एएफएसमधल्या रोख्यांना बाजारभाव लावावा लागतो, घसरण झाली तर तरतूद करावी लागते. एचटीएमला तसं काही नाही, ज्या भावाला घेतले साधारण तोच भाव वर्षानुवर्षं पुस्तकात. म्हणजे तोच सरकारी रोखा, तेच कूपन म्हणजे ठरलेलं व्याज, तीच मुदत, एका खणात ठेवला तर त्याची किंमत वेगळी आणि दुसऱ्या खणात ठेवला तर वेगळी. आमच्या शेजारच्या टेबलावर जो नवीन मुलगा लागला होता त्यानं पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, मॅडम, दोन्ही एकच बॉंड आहेत ना मग भाव दोन कसे, आणि मला त्याला परिपत्रकाचा नंबर सांगण्यापलीकडं काही बोलता आलं नव्हतं.

गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर गणितानं देऊया, आमच्या बँकेचे आकडे नको, सोपं उदाहरण घेऊ. समजा २०१७ च्या ऑगस्टमधे एखाद्या बँकेनं १० कोटींचा १० वर्षांचा सरकारी रोखा घेतला, व्याज साडेसहा टक्के. त्या वेळी १० वर्षांचा यील्ड, म्हणजे त्या दिवशीच्या भावानं रोखा घेतला तर मिळणारा परतावा, साधारण तेवढाच होता. पुढच्या वर्षभरात यील्ड चढत गेला, २०१८ च्या सप्टेंबरात ८ टक्क्यांच्या वर गेला. आता बाजारात कुणीही नवीन माणूस ८ टक्क्यांचा रोखा घेऊ शकतो तर तुमचा साडेसहाचा तो शंभराला का घेईल? नऊ वर्षं उरलीत, व्याज दर सहा महिन्यांनी मिळतं ते धरून ८ टक्क्यांनी हिशोब केला तर तुमच्या शंभराचे साडेनव्वद येतात. १० कोटींचे ९ कोटी ५ लाख. ९५ लाखांचा फरक.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं, अहो मुदत संपल्यावर १० कोटीच मिळणार, मग हा ९५ लाखांचा तोटा कागदी झाला ना. मीसुद्धा बरीच वर्षं हेच मानत होते. मग एकदा दुपारी बसून मी तो तोटा उलट्या बाजूनं मांडला. बाजारात ८ टक्के मिळतायत आणि आपल्याला साडेसहा, म्हणजे दरवर्षी दीड टक्का कमी. १० कोटींवर वर्षाला १५ लाख कमी. असे नऊ वर्षं. त्या सगळ्या येणाऱ्या १५-१५ लाखांना तशाच सहामाही हिशोबानं ८ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणलं की बेरीज किती येते? ९५ लाख. अगदी तोच आकडा.

हे ज्या दिवशी मला दिसलं त्या दिवसापासून "कागदी तोटा" हा शब्द मी वापरलेला नाही. बाजारभाव लावला काय आणि नाही लावला काय, तोटा तोच आहे. फक्त एका पद्धतीत तो आज समोर येतो आणि दुसऱ्या पद्धतीत नऊ वर्षं हप्त्याहप्त्यानं, कमी व्याजाच्या रूपात, कुणाच्या लक्षात न येता येत राहतो. ठेवीवर सात-साडेसात टक्के द्यायचे आणि रोख्यावर साडेसहा मिळवायचे हे नऊ वर्षं कसं चालणार, याचं उत्तर सभासदाला पहिल्या वर्षीच मिळालं पाहिजे की नाही?

आणि दुसरं. "विकायचंच नाही" हे ठरवणार कोण? बँक म्हणते मी ठरवणार. पण बँकेचा पैसा बँकेचा नसतो, ठेवीदाराचा असतो, आणि ठेवीदार उद्या सकाळी काउंटरवर आला तर रोखा विकायचा की नाही हे त्याच्या पासबुकावर ठरतं. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं हेच झालं. २०२२ च्या अखेरीला त्यांच्या एचटीएम खणात सुमारे ९१ अब्ज डॉलरचे रोखे होते, त्यांची बाजारभावानं किंमत होती साधारण ७६ अब्ज. फरक १५ अब्ज, आणि बँकेचं सगळं मिळून भांडवल साधारण १६ अब्ज. म्हणजे खरा भाव लावला असता तर भांडवल जवळपास संपलेलंच होतं. हे लपवलेलंही नव्हतं, हिशोबाच्या टिपांमधे छापलेलं होतं, पण ताळेबंदाच्या मुख्य आकड्यात ९१ च होते. ८ मार्च २०२३ ला बँकेनं जाहीर केलं की दुसऱ्या खणातले २१ अब्जांचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा झालाय, ९ मार्चला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर लोकांनी काढून नेले, १० तारखेला बँक बंद. सरकारी रोखेच होते बहुतेक, सरकारी हमीचे. सरकार बुडालं नव्हतं.

आपल्याकडं असं घडलं नाही म्हणून आपण शहाणे आहोत असं मला वाटत नाही. २०१७-१८ मधे जेव्हा यील्ड चढले तेव्हा सरकारी बँकांना एएफएसमधले तोटे सोसवेनात, आणि एप्रिल २०१८ मधे रिझर्व्ह बँकेनं सवलत दिली की डिसेंबर आणि मार्च तिमाहीचा तोटा चार तिमाहींमधे पसरवा. त्याच्या काही महिने आधी डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी भाषणात स्पष्ट सांगितलं होतं की बँकांची व्याजदराची जोखीम दरवेळी रिझर्व्ह बँकेनं सांभाळायची हे चालणार नाही. तरी सवलत द्यावीच लागली. मला त्या सवलतीचा राग नाही, अडचणीत वेळ मागणं समजू शकतं. पण तोटा पसरवल्यानं तो कमी झाला असं जे आम्ही सगळ्यांनी मानून घेतलं, ट्रेझरीत, म्हणजे गुंतवणुकीच्या खात्यात, पेढे वाटायचे तेवढे राहिले होते, त्याचं मला वाईट वाटतं.

१ एप्रिल २०२४ पासून कमर्शियल बँकांना नवीन नियम आलेत, ते बरेच चांगले आहेत. आधी एएफएसमधला तोटा दाखवायचा पण नफा धरायचा नाही अशी एकतर्फी पद्धत होती, आता दोन्ही बाजू सारख्या, फरक राखीव निधीत जातो. किमती कुठून आल्या, थेट बाजारातून की हिशोब मांडून, हेही तीन पातळ्यांमधे सांगावं लागतं. एचटीएम मात्र अजून तसाच, खरेदीच्या हिशोबानं. आणि कंपन्यांना, एनबीएफसींना म्हणजे बँक नसलेल्या वित्तकंपन्यांना, जो इंड एएस, म्हणजे हिशोब मांडायच्या भारतीय मानकांचा संच, लागू आहे तो बँकांना लावणं रिझर्व्ह बँकेनं २०१९ मधे पुढं ढकललं ते ढकललंच. नागरी सहकारी बँकांचा तर विषयच वेगळा, तिथं जुनेच खण.

बँकेत खोट्या किमतीचा त्रास हळू होतो, म्युच्युअल फंडात तो झटक्यात होतो आणि तिथं मला हा विषय सरळ न्याय-अन्यायाचा वाटतो. समजा एक डेट फंड आहे, म्हणजे रोख्यांत पैसे घालणारा, १०० युनिट, एनएव्ही म्हणजे एका युनिटची किंमत १० रुपये, एकूण हजार. आतला एक रोखा खराब झाला, खरी किंमत ९०० उरली. आता खरी एनएव्ही ९ झाली पाहिजे. पण फंडवाले म्हणाले बाजार घाबरलाय, होईल ठीक, १० च दाखवू. ज्यांना आतली कुणकुण आहे, कंपन्यांचे ट्रेझरीवाले, मोठे लोक, ते ५० युनिट १० रुपयांनी मोडून ५०० घेऊन जातात. मागं उरले ४०० रुपये आणि ५० युनिट. म्हणजे ८ रुपये. सगळ्यांनी मिळून एकेक रुपया सोसायचा होता तो पळणाऱ्यांनी शून्य सोसला आणि मागं राहिलेल्या माणसाला दोन रुपये सोसावे लागले. मागं राहिलेला माणूस कोण असतो? ज्याला रोज बघायला वेळ नाही तो, पेन्शनचे पैसे ठेवलेला, ज्याला एजंटनं "एफडीसारखंच आहे काका" म्हणून सांगितलेलं. त्यामुळं कुणी मला म्हणालं की लोक घाबरू नयेत म्हणून किंमत जरा सांभाळून दाखवावी, तर मी विचारते, कोणते लोक?

सेबीनं हे ओळखलं. २०१८ मधे आयएल अँड एफएस ही मोठी वित्तकंपनी बुडाल्यावर नियम कडक होत गेले आणि १ एप्रिल २०२० पासून अमोर्टायझेशन, म्हणजे खरेदीची किंमत धरून रोज थोडं व्याज चढवत जायची पद्धत, पूर्ण बंद केली. सगळ्याला बाजाराची किंमत. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

याच्या उलट बाजूनं बोलणारे लोक २०२० च्या एप्रिलचं उदाहरण देतात. २३ एप्रिलला फ्रँकलिन टेंपलटननं सहा डेट स्कीम बंद केल्या, सुमारे २५ हजार कोटी अडकले. पुढं हळूहळू रोखे वसूल झाले आणि बंद झाल्या दिवशीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे लोकांना मिळाले. मग बघा, म्हणतात, त्या दिवशीची किंमत चुकीचीच होती की. नाही हो. फेअर व्हॅल्यू, म्हणजे वाजवी किंमत, ही भविष्यवाणी नाहीये. आजच्या दिवशी, घाई नसलेला विकणारा आणि माहिती असलेला घेणारा यांच्यात जी किंमत ठरेल ती. पुढं काय होणार ते त्या दोघांनाही माहीत नसतं, ती अनिश्चिततासुद्धा किमतीतच असते. आणि लोकांना जे जादा मिळालं त्यात काही वर्षं थांबल्याचं व्याजही आहे, ज्यांच्या घरी त्या वर्षांत ऑपरेशन निघालं त्यांना विचारा ते थांबणं काय भावाचं होतं.

"घाई नसलेला विकणारा" हे मी मुद्दाम लिहिलंय कारण फेअर व्हॅल्यूबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. गावात मुलीच्या लग्नासाठी कुणी दोन एकर घाईत विकलं, अडला हरी म्हणून मिळेल त्या भावात दिलं, तर ती काय शिवारातल्या जमिनीची किंमत झाली का? नाही. तसंच रेडी रेकनरमधे जो भाव छापलाय तो खरा भाव का? तोही नाही, तो स्टँप ड्युटीसाठी सरकारनं ठरवलेला. इंड एएस ११३ हे फेअर व्हॅल्यूचं मानक, त्याचं सगळं म्हणणं या दोघांपेक्षा वेगळं आहे. मोडून विकायचा भाव नको आणि छापील भाव पण नको. लासलगावला आज कांद्याचा लिलाव झालाय, तुमचा कांदा तसाच आहे, तर तो भाव ही पहिली पातळी. तुमच्या प्रतीचा कांदा आज आलाच नाही पण जवळच्या प्रतीचा विकला गेला, त्यावरून थोडं कमीजास्त करून काढला ती दुसरी. आणि चाळीत साठवलेला, किती सडलाय ते उघडल्याशिवाय कळणार नाही, सहा महिन्यांनी काय भाव असेल ते धरून मांडलेला हिशोब, ती तिसरी.

तिसऱ्या पातळीबद्दल मलाही भीती वाटते, ती मी लपवणार नाही. बायजूजचं बघा. २०२२ मधे २२ अब्ज डॉलरची कंपनी म्हणवली गेली, शेअर बाजारात नोंद नाही, त्यामुळं रोजचा भाव नाही. तिच्यात पैसे घातलेल्या प्रोसस कंपनीनं आपल्या हिशोबात ती २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत ३ अब्जांच्या खाली आणली, दुसरी गुंतवणूकदार ब्लॅकरॉक, तिच्या हिशोबानं त्याच सुमारास १ अब्जाच्या आसपास, आणि २०२४ मधे प्रोससनं आपला ९.६ टक्के हिस्सा सरळ शून्य केला. एकच कंपनी, काही महिन्यांचा काळ, आणि दोन मोठ्या गुंतवणूकदारांचे आकडे एवढे लांब. मॉडेलमधे वाढीचा दर कुणी दोन टक्क्यांनी वाढवला की नफा हवा तेवढा येतो हे मी एक्सेलवर स्वतः करून बघितलंय, पाच मिनिटांचं काम आहे. पण यावर उपाय म्हणून जुनी खरेदी किंमतच ठेवा म्हणणं मला पटत नाही, तसं केलं असतं तर २२ अब्जांच्या भावानं घेणाऱ्याच्या पुस्तकात तो भाव तसाच बसून राहिला असता. उपाय एकच दिसतो, तिसऱ्या पातळीचा प्रत्येक आकडा कोणती गृहीतकं धरून आला आणि ती थोडी हलवली तर किती बदलतो ते साध्या भाषेत छापायचं, आणि ऑडिटरनं ते वाचून, प्रश्न विचारून मग सही करायची.

सावधपणाच्या नावाखालीही किंमत चुकते हे विसरू नये. येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-१ बॉंड, म्हणजे मुदत नसलेले आणि बँक अडचणीत आली तर शून्य करता येणारे, मार्च २०२० मधे शून्य झाले, ज्यांनी जास्त व्याजाची एफडी समजून घेतले होते त्यांची फार वाईट अवस्था झाली. त्यानंतर मार्च २०२१ मधे सेबीनं सांगितलं की असे कायमस्वरूपी बॉंड १०० वर्षांच्या मुदतीचे समजून किंमत काढा. अर्थ मंत्रालयानं हरकत घेतली, मग सेबीनं ते टप्प्याटप्प्यानं केलं, आणि २०२४ मधे एनएफआरएनं, म्हणजे ऑडिट आणि हिशोबाच्या मानकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, इंड एएस ११३ च्या आधारे म्हटलं की बाजारातले लोक हे बॉंड कॉलच्या तारखेपर्यंतचा, म्हणजे बँक ते परत घेऊ शकते त्या तारखेपर्यंतचा, यील्ड धरूनच घेतात-विकतात, तर किंमतही तशीच काढा. सेबीनं ते मान्य केलं. मला सेबीची तळमळ समजते, पण मी इथं एनएफआरएच्या बाजूनं आहे. फेअर व्हॅल्यू म्हणजे सगळ्यात वाईट किंमत नव्हे. नियामकाला काय भीती वाटते ते नको, बाजारातला घेणारा खरोखर काय देईल ते हवं. जोखीम मोठी असेल तर ती विकताना तोंडावर सांगा, किमतीत १०० वर्षं घालून नको.

देण्यांच्या बाजूचं मात्र मला आजही पचत नाही. कंपनीचं कर्ज बाजारभावानं मांडलं आणि कंपनीची पत घसरली तर तिच्या बॉंडचा भाव पडतो, म्हणजे तिचं देणं कमी झालं, म्हणजे नफा! मॉर्गन स्टॅन्लीनं २०११ च्या तिसऱ्या तिमाहीत असा ३.४ अब्ज डॉलरचा फायदा दाखवला होता, नियमाप्रमाणेच. ज्याची पत गेली त्यालाच नफा, हे कुठल्याही पतसंस्थेतल्या सभासदाला सांगून बघा. इंड एएस १०९ मधे आता हा फरक नफा-तोट्यात न घेता बहुतेक वेळा बाजूला ओसीआय नावाच्या वेगळ्या खणात दाखवतात, ते बरं झालं. देणं हे शेवटी द्यायचंच असतं.

आता परत गुरुजींकडं येते. सभा संपल्यावर ते चपला शोधत होते, मला ओळखून म्हणाले, "ताई, तुम्ही त्याच खात्यात ना? किती येतील हो खरं?" मी म्हणाले, "गुरुजी, परिपत्रकाप्रमाणे सगळं बरोबर आहे." ते हसले, "बरोबर असणारच, मी किती येतील ते विचारलं" असं म्हणाले आणि गेले. माझी नोकरी होती, छापील अहवालाबाहेरचा आकडा मी बोलू शकत नव्हते, हे खरं आहे. आणि तो आकडा अहवालात छापायला हरकत काय होती, याचं उत्तर मला तेव्हाही कुणी दिलं नाही.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. खण ठेवा, एचटीएम ठेवा, तोटा नफ्यातून वजा करू नका हवं तर. पण प्रत्येक सहकारी बँकेच्या अहवालात, ताळेबंदाच्याच पानावर, गुंतवणुकीच्या खाली, मराठीत एक ओळ हवी: मुदतीपर्यंत ठेवायचे रोखे, पुस्तकी किंमत इतकी, ३१ मार्चच्या बाजारभावानं इतकी. सभासद बँकेचा मालक आहे, त्याला त्याच्याच मालाची किंमत कळू द्या. घाबरेल म्हणता, तर ज्या वर्षी रोख्यांचा भाव वर असेल त्या वर्षी तीच ओळ त्याला धीरही देईल. लोक इतके कच्चे नसतात, सोन्याचा भाव रोज वर-खाली होतो म्हणून कुणी घरातलं मंगळसूत्र विकायला धावत नाही.

खर्च काही नाही. एफबीआयएल ही संस्था सरकारी रोख्यांचे भाव जाहीर करते, ते रोज संध्याकाळी येतात, एक्सेलमधे एक कॉलम लागतो. आमच्याकडं तो कॉलम होताच, मीच दर महिन्याला भरायचे, अहवालासाठी प्रिंट काढताना तेवढा हाइड करायला सांगितलेला असायचा.